आप्त कोणास म्हणावें?

मानववंशशास्त्र हें शास्त्र आपल्या घरांतून फारसें वाचलें जात नाहीं. तथापि आपल्या बोलण्यावर आणि शेजाऱ्यांविषयींच्या आपल्या मतांवर त्याचा परिणाम किती झाला आहे, हें पाहूं गेल्यास मोठें आश्चर्य वाटतें. अमुक जात चोरटी, अमुक आळशी, अमुक लढाऊ, अशीं जीं मतें आपण पिढीजाद अनुभवाचीं म्हणून बाळगतों, त्यांपैकीं कित्येक इंग्रजी अमदानींत सरकारी कचेरींत घडवलीं गेलीं, छापलीं गेलीं, कायद्यांत शिरलीं, आणि तेथून आपल्या ओसरीवर येऊन बसलीं. हल्लीं जगांतील विद्यापीठांतून असा विचार बळावत आहे कीं, परकी राज्यकर्त्यांच्या सोयीनें वाढलेल्या या शास्त्राची फेरतपासणी व्हावी. आणि ती पुन्हां पंडितांनींच न करतां, ज्यांच्याविषयीं तें शास्त्र लिहिलें गेलें त्यांच्या साक्षीनें व्हावी. विषय विलायती वाटण्याजोगा आहे खरा. परंतु त्याचें एक ठळक उदाहरण आमच्या सोलापुरांत आहे, आणि त्याच्या निर्णयाला लागणारा निकष आपल्याच न्यायशास्त्रांत आहे. म्हणून वाचकांपुढें चार शब्द मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सोलापूर म्हटलें कीं परगांवच्या माणसाला चादरी, गिरण्या आणि सिद्धेश्वराची यात्रा एवढ्याच गोष्टी आठवतात. पण या शहरांत ‘सेटलमेंट’ नांवाचा एक भाग आहे, व त्याला लागून ‘फ्री कॉलनी’ हें नांव अजूनही पत्त्यांतून लिहिलें जातें. पत्ता लिहिणाऱ्या तरुणांपैकीं कितीजणांस या नांवांचा अर्थ ठाऊक असेल, कोण जाणे! ‘फ्री’ म्हणजे मोकळी. आणि मोकळी वस्ती असें ज्या अर्थीं वेगळें म्हणावें लागलें, त्या अर्थीं शेजारची वस्ती मोकळी नव्हती, हें उघड आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत मुंबई सरकारनें ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्या लोकांसाठीं ठिकठिकाणीं ज्या बंदिस्त वसाहती उभारल्या, त्यांतील ही एक मोठी वसाहत होय. ओ. एच. बी. स्टार्ट हे या वसाहतींवरील मुख्य अधिकारी होते, आणि सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था पुष्कळ वर्षें अमेरिकन मराठी मिशनकडे होती. कैकाडी, भामटा, पारधी, मांग गारुडी अशा निरनिराळ्या समाजांतील कुटुंबें येथें आणून ठेवलीं गेलीं. भोंवतीं तारेचें कुंपण होतें. ठरल्या वेळीं हजेरी द्यावी लागे, आणि परवान्यावांचून बाहेर जातां येत नसे. सोलापुरांत पहिली गिरणी १८७७ सालीं निघाली होती. पुढें गिरण्या वाढल्या तसे त्यांस मजूर हवे होते, आणि कुंपणाच्या आंत मजूर आयतेच होते. सरकारची सुधारणा आणि गिरणीची गरज यांचा असा मेळ बसला.

वसाहत चालवणारांचे हेतु दुष्ट होते, असें आमचें म्हणणें नाहीं. तेथें शाळा होती, औषधपाणी होतें, काम होतें. परंतु ज्या मनुष्याच्या भल्यासाठीं हें सारें चाललें, त्याला ‘बाबा रे, तूं कोण, आणि तुझी ही दशा कशानें झाली?’ असें विचारण्याची तरतूद त्या सर्व योजनेंत नव्हती. त्याचें उत्तर अगोदरच छापून तयार होतें.

तें उत्तर कायद्याच्या रूपानें १८७१ सालीं प्रथम अवतरलें. आरंभीं उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ सालीं साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होण्याजोगा झाला, आणि १९२४ सालीं त्याची पुन्हां नवी मांडणी झाली. एखादी जमात गुन्हेगार आहे, असें स्थानिक सरकारनें एकदां जाहीर केलें कीं त्या जमातींतील माणसांचीं नांवें नोंदवावयाचीं, त्यांच्या बोटांचे ठसे घ्यावयाचे, त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन घालावयाचें, आणि मुलांस आईबापांपासून वेगळें काढून निराळ्या शाळांत ठेवण्याचाही अधिकार सरकारला मिळावयाचा. यांत आणखी एक कलम असें होतें कीं, सरकारच्या या जाहीरनाम्याची सत्यासत्यता कोणत्याही न्यायालयानें तपासूं नये. जाहीरनामा हाच निर्णायक पुरावा मानावा.

ज्यांनीं न्यायशास्त्राचा थोडाबहुत अभ्यास केला आहे, त्यांस या कलमाशीं थबकल्यावांचून राहवणार नाहीं. शास्त्राची प्रवृत्ति तीन प्रकारची असते, असें वात्स्यायनांनीं आपल्या भाष्याच्या आरंभींच सांगून ठेवलें आहे: प्रथम उद्देश, म्हणजे वस्तूचें नांव घेणें, मग लक्षण, म्हणजे तिला इतरांपासून वेगळें करणारा धर्म सांगणें, आणि शेवटीं परीक्षा, म्हणजे केलेलें लक्षण त्या वस्तूला खरोखर लागू पडतें कीं नाहीं, हें प्रमाणांनीं पाहणें. या कायद्यानें उद्देश केला, लक्षणही केलें; परीक्षा मात्र कलम घालून बंद केली. लक्षणाचे जे दोष नैयायिक सांगतात, त्यांतील अतिव्याप्ति येथें इतकी ढळढळीत होती कीं पाळण्यांतलें मूलही गुन्हेगारांत जमा होत होतें. आणि अव्याप्ति अशी कीं, सावकारीच्या खोट्या कागदांवर गांवेंच्या गांवें गिळणारा मनुष्य या लक्षणांत कोठेंच बसत नव्हता. ज्या शास्त्रांत परीक्षेला मज्जाव आहे, तें शास्त्र नव्हे. तो हुकूम होय.

हें लक्षण ज्या ग्रंथांवर उभारलें, ते आजही जुन्या ग्रंथालयांतून पाहावयास मिळतात. जेम्स कँपबेल यांच्या देखरेखीखालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतील सोलापूरचा भाग १८८४ चा आहे. पोलीस खात्याचे मुख्य अधिकारी एम. केनेडी यांनीं इलाख्यांतील गुन्हेगार वर्गांवर १९०८ सालीं एक पुस्तक काढलें. आर. ई. एन्थोवेन यांचे मुंबईच्या जाति-जमातींवरील तीन खंड १९२० ते १९२२ या काळांत प्रसिद्ध झाले. केनेडींच्या पुस्तकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. प्रत्येक जमातीस तेच ते मथळे लावले आहेत: राहण्याचा मुलूख, रूप व पोशाख, बोली, दिखाऊ धंदा, वेषांतर, गुन्ह्याची पद्धति, चोरीचा माल लपवण्याची रीति. पोटाचा धंदा सांगावयाचा तोही ‘दिखाऊ’ म्हणूनच! टोपली विणणारा कैकाडी टोपली विणतो ती पोटासाठीं नसून पाळत ठेवण्यासाठीं, असें एकदां मथळ्यांतच ठरून गेलें म्हणजे त्याखालीं दुसरें काय लिहिलें जाणार?

या मथळ्यांत एक मथळा कोठेंच नाहीं. तो ‘कारण’ हा होय. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर नेणारे तांडे होते. रेल्वे आली, मिठावर सरकारचा अंमल बसला, आणि त्यांचा व्यापार बुडाला. रानांतील फोक आणून कणग्या-टोपल्या विणणारे होते; जंगलाचे कायदे आले आणि फोक तोडणें हाच गुन्हा झाला. शिकारीवर जगणाऱ्या पारध्याचीही तीच गति झाली. ज्या सरकारनें धंदे मोडले, त्याच सरकारनें मग विचारलें कीं हे लोक धंद्यावांचून कां हिंडतात, आणि त्याचें उत्तर त्यांच्या रक्तांत शोधलें. कार्य सांगावयाचें, पण कारण झांकावयाचें, असा हा प्रकार होय.

येथें एक गोष्ट आपण मोकळ्या मनानें विचारांत घेतली पाहिजे. ग्रंथांवर नांवें साहेबांचीं आहेत. पण माहिती गोळा करणारे हात साहेबांचे नव्हते. मामलेदार, फौजदार, कारकून, शाळामास्तर यांजकडून गांवोगांवची हकीकत वर जात असे, आणि त्या काळीं या जागा बहुतेक लिहित्या-वाचत्या वर्गाकडे होत्या. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाचें कामदेखील शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानेंच झालें. यास्तव परकी सत्ता गेली म्हणजे परकी दृष्टि गेली, असें समजून स्वस्थ बसतां येत नाहीं. गावकुसाबाहेरच्या मनुष्याकडे पाहण्याची आपली जुनी रीति आणि साहेबाचें नवें शास्त्र, यांचें फार लौकर जमलें.

याचा पुरावा आपल्या भाषेंतच आहे. ‘भामटा’ म्हणजे फसवणारा, ‘बेरड’ म्हणजे निगरगट्ट, हे अर्थ आपल्या मुलांस शाळेंत जाण्यापूर्वींच येतात. हीं दोन्ही समाजांचीं नांवें आहेत, हें पुष्कळांस मोठेपणींही ठाऊक नसतें. महाराष्ट्र शासनाच्या यादींत ज्या चौदा विमुक्त जाति आहेत, त्यांत बेरड व भामटा हीं नांवें आहेत. एका बाजूस तीं सरकारी सवलतीचीं नांवें, दुसऱ्या बाजूस शिव्या! आम्ही एका शाळेंत वर्गशिक्षक असतांना एका विद्यार्थ्याचे वडील नांव घालण्याच्या वेळीं जवळ येऊन हळूच म्हणाले, “गुरुजी, रकान्यात ते नाव राहू द्या, त्याबिगर सवलत न्हाई. पन वर्गात मोठ्यानं वाचू नका, पोरं हसत्यात.” त्या गृहस्थाची अडचण कोणत्याही जातिकोशांत नोंदलेली नाहीं; पण त्या जातीचें आजचें जिणें काय आहे, हें जितकें त्या दोन वाक्यांत आहे तितकें एन्थोवेनच्या तीन खंडांत आम्हांस आढळलें नाहीं.

आतां मूळ प्रश्न: कोणाचें सांगणें प्रमाण मानावें? नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं. त्यांपैकीं शब्द हें प्रमाण केव्हां होतें, तर तो आप्ताचा असेल तेव्हां. आणि आप्त कोण? वात्स्यायनांनीं याचा जो खुलासा केला आहे, तो आमच्या मतें आपल्या साऱ्या शास्त्रवाङ्मयांतील अत्यंत उदार विचारांपैकीं एक आहे. ज्यानें वस्तूचा स्वतः साक्षात्कार करून घेतला आहे, आणि जी जशी पाहिली तशी सांगावी एवढीच ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हें लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेंच लागू आहे, असेंही ते लागलीच सांगतात. म्हणजे आप्तत्व कुळावर नाहीं, विद्येवर नाहीं, पदवीवर नाहीं. तें पाहण्यावर आणि प्रामाणिकपणें सांगण्यावर आहे. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं लिहिलेला हा निकष आपण पाठ केला, परीक्षेंत लिहिला, शिष्यांस शिकवला. पण टोपली विणणाऱ्याच्या सांगण्यास तो लावण्याचें सुचलें नाहीं.

तसे आप्त आपल्याकडे फार पूर्वींच बोलूं लागले होते. पुण्यास जोतीराव फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजांतील मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला. तिचें वय चौदा वर्षांच्या आसपास होतें. ‘ज्ञानोदय’ हें अमेरिकन मराठी मिशनचेंच पत्र. ज्या मिशननें १८५५ सालीं एका मुलीची साक्ष छापली, त्याच मिशनला पुढें तारेच्या कुंपणांतील वसाहत सांभाळण्याचें काम पत्करावें लागलें, हा इतिहासाचा विचित्र योग म्हटला पाहिजे.

दुसरी साक्ष जगाच्या भर विद्वत्सभेंत झाली. ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासमंडळापुढें पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनीं भारतांतील जातींची घडण, उत्पत्ति आणि वाढ यांवर निबंध वाचला. पुढील वर्षीं तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. सेनार, नेस्फील्ड, रिस्ले, आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, या सर्वांच्या व्याख्या त्यांनीं एकेक करून तपासल्या, व जातीचें मर्म जातीच्या आंतच विवाह करण्याच्या बंधनांत आहे, असें प्रतिपादन केलें. ज्या समाजाला मानववंशशास्त्र आजवर ‘विषय’ म्हणून पाहत आलें होतें, त्या समाजांतील मनुष्य तेथें परीक्षक म्हणून उभा राहिला. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनीं नाकाच्या रुंदीवरून जातीची उंची ठरवण्याचा सिद्धांत मांडला होता. डॉ. आंबेडकरांनीं १९४८ सालीं अस्पृश्यतेच्या मुळाविषयींच्या आपल्या ग्रंथांत, डॉ. घुर्ये यांनीं दिलेले त्याच प्रकारच्या मापांचे आंकडे घेतले, आणि त्या आंकड्यांवरूनच ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश एकच ठरतो असें दाखवलें. माप तेंच, पण मोजणाऱ्याच्या हेतूची परीक्षा झाल्याबरोबर निष्कर्ष उलटला.

अशी उलटतपासणी इतर देशांतही झाली आहे. आफ्रिकेंतील किकुयु लोकांपैकीं जोमो केन्याटा यांनीं लंडनमध्यें मॅलिनोव्हस्की या नामांकित मानववंशशास्त्रज्ञांच्या हाताखालीं अभ्यास करून १९३८ सालीं स्वतःच्याच लोकांवर ग्रंथ लिहिला. पुढें ते केनियाचे पहिले अध्यक्ष झाले. अमेरिकेंतील मूळ रहिवाशांपैकीं व्हाइन डेलोरिया यांनीं १९६९ सालीं आपल्या वस्त्यांतून दर उन्हाळ्यांत वह्या घेऊन येणाऱ्या पंडितांची चांगलीच हजेरी घेतली. न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांनीं १९९९ सालीं संशोधनाच्या पद्धतीच वसाहतवादाच्या जोखडांतून कशा सोडवाव्या, याचा ग्रंथ लिहिला. या तिघांचे देश वेगळे, पण गाऱ्हाणें एक: आमच्याविषयीं बोलतां, तर आमच्याशीं बोला.

परंतु या कामांत मराठीनें जें केलें आहे, त्याचा अभिमान आपण बाळगावा तितका बाळगत नाहीं. १९८० सालीं कैकाडी समाजांतील लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ आलें, आणि पुढल्याच वर्षीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दादासाहेब मोरे यांचें ‘गबाळ’ १९८३ चें. १९८७ सालीं लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ व भीमराव गस्ती यांचें ‘बेरड’ हीं दोन पुस्तकें आलीं. नांवें पाहावीं. ज्या शब्दांनीं पोलिसानें हांक मारली, तेच शब्द लेखकांनीं स्वतःच्या ग्रंथाच्या कपाळावर लिहिले. आमच्या सोलापूर जिल्ह्यानें यांत मोठा वांटा उचलला आहे. अक्कलकोट तालुक्यांतील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचें ‘अक्करमाशी’ १९८४ चें, आणि करमाळा तालुक्यांतील नेरल्याचे डॉ. किशोर शांताबाई काळे यांचें ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ चें. जातिशास्त्राचे वंशवृक्ष बापाच्या नांवानें सुरू होतात; ज्यास बापाचें नांव लावण्याची सोय नाहीं, त्या मुलाची जागा त्या वृक्षांत कोठें? लिंबाळे यांचें सारें पुस्तक या प्रश्नानें भरलें आहे, आणि काळे यांनीं आपल्या नांवांत आईचें नांव घालून त्यास उत्तर दिलें आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, आंतला मनुष्य पक्षपाती असतो. तो आपल्या लोकांचीं व्यंगें झांकणार. शंका रास्त आहे, आणि तिचें निरसन हीं पुस्तकें वाचल्यानेंच होतें. ‘उपरा’मध्यें जातपंचायतीचा जाच जसा सांगितला आहे, तसा तो बाहेरच्या कोणत्या टीकाकारानें सांगितला असता? ‘उचल्या’मध्यें चोरी लपवलेली नाहीं, मुलांस हातचलाखी कशी शिकवीत, हेंही लिहिलें आहे. पण केनेडींच्या पुस्तकांत नसलेला मथळा तेथें आहे: चोरीच्या आधींची भूक, आणि चोरी न करतांही दाराशीं येणारा पोलीस. आपल्या पक्षाला प्रतिकूल तेंही जो सांगतो, त्याच्या साक्षीचें मोल न्यायासनापुढें वाढतें, घटत नाहीं. शिवाय आंतलाही आवाज एकच नसतो. विमल मोरे यांचें ‘तीन दगडांची चूल’ हें भटक्या समाजांतील स्त्रीचें आत्मकथन त्याच संसाराची दुसरी बाजू दाखवतें. पुरुषाची साक्ष झाली म्हणून स्त्रीची नको, असें म्हणणारा पुन्हां त्याच जुन्या दोषांत पडेल.

दुसरी शंका अशी कीं, मग जुने खंड जाळून टाकावे कीं काय? मुळींच नाहीं. त्यांत चालीरीतींची, देवकांची, बोलींची कितीतरी माहिती आहे, जी अन्यत्र मिळणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करावें. न्यायाधीशाच्या आसनावर बसवूं नये. कारण कागदावर ओढलेल्या रेघा किती टिकतात, याचें उदाहरण आजही डोळ्यांपुढें आहे. विदर्भांतील बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी समाज अनुसूचित जातींत मोडतो, आणि उरलेल्या महाराष्ट्रांत तोच समाज विमुक्त जातींत मोडतो. बोली तीच, टोपली तीच, सोयरीक तीच. पण मध्यें एका काळची मध्यप्रांत आणि मुंबई इलाखा यांची सीमा पडली आहे. प्रांत जाऊन साठांहून अधिक वर्षें झालीं, तरी मुलाचा दाखला त्या सीमेवर अडतो. वर्गवारी माणसांची नव्हती, दप्तराची होती, हें यावरून सिद्ध होतें.

हें सर्व जुनें झालें, आतां कशास उकरावें, असें म्हणणारांसाठीं थोड्या तारखा देतों. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर पांच वर्षांनीं! म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. परंतु १९५९ सालीं मुंबई राज्यांत सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि जमात गेली तरी नजर राहिली. ज्यांचें आयुष्य भटक्या-विमुक्तांच्या चळवळींत गेलें, ते सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या राष्ट्रीय आयोगानें २००८ सालीं केंद्र सरकारला अहवाल सादर केला. भटक्या समाजांत जन्मलेला मनुष्य भटक्यांवरील आयोगाचा अध्यक्ष व्हावा, हा बदल लहान नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेलीं कलमें घटनाबाह्य ठरवलीं, आणि विमुक्त जातींतील लोकांस मनमानीनें पकडूं नये, अशी पोलिसांस ताकीद दिली. १८७१ च्या कायद्यानें जी परीक्षा बंद केली होती, ती न्यायालयांत होऊं लागण्यास इतका काळ लागला.

आणि आतां पुन्हां एक मोठी नोंद व्हावयाची आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची मोजणी जनगणनेंत करण्याचा निर्णय भारत सरकारनें २०२५ सालीं जाहीर केला, व या जनगणनेसाठीं १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरवला. आपल्याकडे घरोघर जाऊन नोंद करण्याचें काम पुष्कळ अंशीं शिक्षकांकडे असतें, हें सर्वांस ठाऊक आहे. आमच्या व्यवसायबंधूंस आमची एक विनंती आहे. पालांपुढें, पुलाखालीं, वस्तीच्या टोंकाला जेव्हां जाल, तेव्हां घाईनें यादींतलें नांव टिकमार्क करून पुढें जाऊं नका. समोरचा मनुष्य आपल्या लोकांस काय म्हणवतो, हें त्याच्या तोंडून ऐका. तो सांगेल तेंच लिहा. आणि तें वाचून दाखवतांना आवाज किती चढवावा, याचेंही भान ठेवा. पेन्सिलीच्या एका रेघेनें एका समाजाच्या तीन पिढ्यांचें भवितव्य ठरल्याचें या शहरानें पाहिलें आहे.

घरांतल्या माणसांनीं काय करावें? फार मोठें कांहीं नको. पहिली गोष्ट, समाजांचीं नांवें शिवी म्हणून वापरण्याची संवय जिभेवरून उतरवावी. मुलें ऐकून शिकतात, आणि जें ऐकून शिकतात तें पुस्तकानें जात नाहीं. दुसरी गोष्ट, चोरी झाली कीं प्रथम वस्तीचें नांव घेणाऱ्या शेजाऱ्यास ‘पाहिलें कोणीं?’ एवढा एक प्रश्न विचारावा. प्रत्यक्ष नसेल तर अनुमानाचा हेतु मागावा. आणि तिसरी, ज्या कपाटांत गीता, ज्ञानेश्वरी व रघुवंश आहेत, त्या कपाटांत ‘उपरा’, ‘उचल्या’ आणि ‘अक्करमाशी’ यांस जागा द्यावी, व सुना-नातवंडांसह तीं वाचावीं. कांहीं पानें वाचतांना मन अस्वस्थ होईल, कांहीं ठिकाणीं राग येईल, क्वचित् लेखकाशीं मतभेदही होईल. होऊं द्यावा. साक्षीदाराशीं मतभेद होऊं शकतो. पण त्यास बोलूं न देतां निकाल देतां येत नाहीं.

मराठींत आप्त या शब्दाला आणखी एक अर्थ आहे: सगासोयरा. शास्त्रांतला आप्त आणि व्यवहारांतला आप्त हे दोन वेगळे अर्थ आहेत खरे. तथापि ज्याच्या सांगण्यावर आपण विश्वास ठेवतों, त्याच्याशीं पुढें जाणें-येणें होतें, घरोबा होतो, असा जगाचा अनुभव आहे. सोलापुरांत ‘सेटलमेंट’ची तार केव्हांच निघाली. ज्या घरांच्या नातवंडांनीं ती तार पाहिलीही नाहीं, तीं आज आमच्याच शाळांतून, कॉलेजांतून शिकत आहेत, लिहीत आहेत. त्यांच्या घरच्या वृद्धांपाशीं अजून पुष्कळ सांगण्यासारखें आहे, आणि तें सांगणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांच्यापाशीं वही घेऊन बसणारा त्यांच्याच घरांतला असेल तर फारच उत्तम. आपल्यापैकीं कोणी बसणार असेल, तर त्यानें आपले मथळे घरीं ठेवून जावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.